संपाच्या फिल्ममध्ये दिसतं कोण आणि बोलतं कोण

१८९५ साली फ्रान्समधल्या ल्योन शहरात लुई ल्युमिएर यांनी स्वतःच्या कारखान्याच्या फाटकासमोर कॅमेरा मांडला आणि काम सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार टिपले. फीत जेमतेम पाऊण मिनिटाची. सिनेमाचा इतिहास सांगताना तिचं नाव अगदी सुरुवातीलाच येतं. ती आज पुन्हा पाहिली तर एक गोष्ट चटकन जाणवते: फाटकातून लगबगीने निघालेल्या त्या गर्दीत बायकाच जास्त आहेत. फोटोच्या काचा बनवणाऱ्या त्या कारखान्यातल्या या बायकांपैकी एकीचंही नाव फीत सांगत नाही. आवाज तर त्या काळात नव्हताच. कॅमेरा मालकाचा, फाटक मालकाचं, आणि कधी बाहेर पडायचं तेही मालकानेच ठरवलेलं. या दृश्याच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत, म्हणजे तेच फाटक, तेच कामगार, आणि चित्रण पुन्हा पुन्हा.

पडद्यावर कामगार असा पहिल्यापासून आहे. बायकाही आहेत. तरी ही फीत त्या बायकांची आहे असं कुणी म्हणणार नाही. नुसतं दिसणं वेगळं आणि प्रतिनिधित्व मिळणं वेगळं, हे समजून घ्यायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

माहितीपटांच्या चर्चेत 'विविधता' हा शब्द आता सारखा येतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ मोजणीपुरता असतो: किती बायका दिसल्या, किती वंशांचे चेहरे आले, तरुण किती, म्हातारे किती. ही मोजणी वाईट नाही. मीही करते. पण विषय संपाचा असेल तर मोजणीवर थांबून चालत नाही. संपात विविधता ही शोभेची बाब नसते. संप उभा का राहिला, टिकला कसा आणि फुटला कुठे, याचं निम्मं उत्तर त्या विविधतेतच असतं. ती गाळली तर फिल्म अन्याय करते हे आहेच, शिवाय ती संप चुकीचा समजावते. या लेखात मला एवढंच नीट उलगडून सांगायचं आहे.

एकच संप, पण पणाला लागलेलं वेगवेगळं

संपाचं गणित सरळ आहे. मालकाकडे पैसा असतो, थांबायची ऐपत असते. कामगारांकडे एकच गोष्ट असते, सगळ्यांनी मिळून काम बंद ठेवणं. म्हणून मालकाचा सगळा प्रयत्न 'सगळ्यांनी मिळून' यात फट पाडण्याचा असतो. आणि फट बहुधा आधीपासून असलेल्या भेगेतच पडते: भाषेच्या, वंशाच्या, कायम आणि कंत्राटी कामगारांमधल्या, बाई आणि पुरुषांमधल्या.

कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांचा संप घ्या. ८ सप्टेंबर १९६५ रोजी काम थांबवलं ते फिलिपिनो मजुरांनी. त्यांचा नेता लॅरी इटलियाँग, मागणी ताशी १ डॉलर ४० सेंट मजुरीची. मळेवाल्यांची जुनी रीत अशी होती की फिलिपिनो संपावर गेले की मेक्सिकन मजूर कामाला लावायचे आणि मेक्सिकन संपावर गेले की फिलिपिनो. दोन्ही गटांनी एकमेकांचे संप पूर्वी मोडलेले होते. या वेळी तसं झालं नाही. आठवडाभराने, १६ सप्टेंबरला, सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांच्या संघटनेतल्या मेक्सिकन-अमेरिकन मजुरांनी संपात उतरायचं ठरवलं. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या. देशभर द्राक्षांवर बहिष्कार पसरला आणि १९७० साली मळेवाल्यांना करार करावे लागले.

आता या दोन गटांचं आयुष्य शेजारी ठेवून पाहा. संपातल्या फिलिपिनो मजुरांपैकी पुष्कळ जण १९२०-३०च्या दशकांत आलेले, आता पन्नाशी-साठी गाठलेले. त्यांच्या बरोबरीने स्त्रिया फारशा आल्याच नव्हत्या, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गोऱ्या स्त्रीशी लग्न करायला १९४८ पर्यंत बंदी होती. त्यामुळे कितीतरी जण अविवाहितच राहिले. एकमेकांना ते 'मनाँग' म्हणत, म्हणजे फिलिपिन्समधल्या इलोकानो भाषेत थोरला भाऊ. मळेवाल्याच्या आवारातली मजूरवसाहत हेच त्यांचं घर. संपावर जाणं म्हणजे उतारवयात डोक्यावरचं छप्परही पणाला लावणं. मेक्सिकन-अमेरिकन मजुरांपैकी अनेकांचे संसार होते, शाळेत जाणारी मुलं होती, मजुरी बुडाली की घरातली पाच-सहा तोंडं उपाशी राहण्याची भीती होती. मागणी एकच, पण काय गमावायचं ते दोघांचं निरनिराळं.

जी फिल्म या दोघांना 'शेतमजूर' या एका शब्दात गुंडाळते, ती प्रेक्षकाला संपाचा सगळ्यात कठीण क्षण दाखवूच शकत नाही. पूर्वी एकमेकांचे संप मोडलेल्या माणसांनी या वेळी एकमेकांवर विश्वास ठेवला, हा तो क्षण. तो समजायला आधी दोन गट वेगळे दिसावे लागतात.

प्रत्यक्षात अनेक वर्षं हा संप लोकांच्या आठवणीत एकट्या चावेझ यांचा होऊन राहिला. मग २०१४ साली मारिसा आरॉय यांनी 'डेलानो मनाँग्स' हा माहितीपट केला तो फिलिपिनो मजुरांवर, आणि २०१७ साली पीटर ब्रॅट यांनी 'डोलोरेस' केला तो वेर्ता यांच्यावर. करारांच्या वाटाघाटींमध्ये पुढे असलेल्या या बाईंचं श्रेय किती सहज पुसलं गेलं याचं एक उदाहरण पुरेसं आहे. 'सी, से प्वेदे', म्हणजे 'हो, हे जमू शकतं', ही शेतमजूर चळवळीची घोषणा १९७२ साली ॲरिझोनात वेर्ता यांच्या तोंडून आली. ती अनेक वर्षं चावेझ यांच्या नावावर खपत राहिली.

भेगेची दुसरी बाजूही फिल्ममध्ये यायला हवी, आणि ती दाखवणं जास्त अवघड असतं. १९१९ सालच्या अमेरिकेतल्या पोलाद संपात मालकांनी हजारो कृष्णवर्णीय कामगार आणून कारखाने चालू ठेवले. संपकऱ्यांच्या नजरेत ते संपफोडे. पण त्यातल्या बऱ्याच कामगार संघटनांनी कृष्णवर्णीयांना तोवर आपल्या दारातही उभं केलं नव्हतं. ज्या घरात प्रवेश नाही त्या घराशी एकनिष्ठ राहायची अपेक्षा कशी करणार? संपफोड्याला खलनायक करून टाकणारी फिल्म हा प्रश्न विचारायचंच टाळते.

दुःख कोणाच्या तोंडी, डावपेच कोणाच्या तोंडी

संपावरची फिल्म पाहताना मी वहीत दोन रकाने आखते. एकात लिहिते, कोणकोण आपलं सोसणं सांगतं. दुसऱ्यात, संप कसा चालला, काय ठरवलं, का ठरवलं, हे कोण सांगतं. फिल्म संपल्यावर दोन्ही याद्या शेजारी ठेवते. चेहऱ्यांच्या मोजणीत उत्तम उतरलेल्या फिल्म इथे वारंवार उघड्या पडतात. पहिल्या रकान्यात बायका, स्थलांतरित, कंत्राटी कामगार. दुसऱ्यात संघटनेचा अध्यक्ष, वकील, प्राध्यापक. पडद्यावर विविधता भरपूर, पण रडायचं काम एकांकडे आणि अर्थ सांगायचं काम दुसऱ्यांकडे.

लंडनच्या विल्सडन भागातला ग्रनविकचा संप या दृष्टीने फार शिकवणारा आहे. फोटोच्या फिल्म धुऊन देणारी ही प्रयोगशाळा. ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सोडलं. संपावर गेलेल्यांमध्ये पूर्व आफ्रिकेतून ब्रिटनमध्ये आलेल्या गुजराती बायका मोठ्या संख्येने होत्या. संघटना करायचा हक्क मान्य करा, ही मुख्य मागणी. मालकाने संपकऱ्यांना बडतर्फ केलं. पुढच्या उन्हाळ्यात देशभरातून हजारो कामगार त्यांच्या पाठिंब्याला फाटकावर आले, त्यात खाणकामगारही होते.

या संपाचं जे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं ते असं: उंचीने पाच फूटही नसलेली एक साडीतली बाई, आणि तिच्यासमोर धिप्पाड ब्रिटिश पोलिसांची रांग. चित्र खरंच आहे आणि जबरदस्त आहे. पण फिल्म तिथेच रेंगाळली तर काय होतं? प्रेक्षकाला वाटतं, इतकी गरीब, इतकी शांत बाईसुद्धा पेटून उठली! यातल्या त्या 'सुद्धा'त सगळी गोम आहे. आशियाई बाई म्हणजे मुकाट सोसणारी, हा समज त्यातून मोडत नाही. ती एक अपवाद ठरते आणि समज शाबूत राहतो.

त्याऐवजी फिल्मने ग्रनविकचा धंदा समजावला तर? गिऱ्हाईक टपालाने फिल्म पाठवायचं आणि धुतलेले फोटो टपालानेच परत जायचे. म्हणजे कारखान्याचा श्वास फाटकातून कमी आणि टपालपेटीतून जास्त चालत होता. क्रिकलवूडच्या टपाल कामगारांनी ग्रनविकचं टपाल हाताळायचं नाकारलं तेव्हा फाटकावरच्या कुठल्याही गर्दीपेक्षा तो घाव मोठा होता. जयाबेनच्या तोंडून टपालाचा हा हिशेब ऐकू आला की साडीतली लहानखुरी बाई प्रेक्षकाच्या नजरेत लढ्याची सूत्रधार होते. चेहरा तोच, पण काय बोलताना दाखवलं याने सगळं बदलतं.

हा संप दोन वर्षं चालून जुलै १९७८ मध्ये हरला. कामावर कुणालाही परत घेतलं गेलं नाही. शेवटच्या काळात कामगार संघटनांच्या वरिष्ठ नेतृत्वाने हात आखडता घेतला, म्हणून नोव्हेंबर १९७७ मध्ये जयाबेन आणि काही सहकारी ब्रिटिश कामगार महासंघाच्या दारात उपोषणाला बसल्या. एकजुटीचं गोड चित्र काढणाऱ्यांना हा भाग अडचणीचा वाटतो. मला तो अत्यंत आवश्यक वाटतो. १९७४ साली लेस्टरमधल्या इम्पीरियल टाइपरायटर्सच्या आशियाई कामगारांना तर स्थानिक संघटनेने पाठिंबाच दिला नव्हता. ग्रनविकला मिळालेला पाठिंबा किती मोठा होता आणि तो किती कच्च्या पायावर उभा होता, हे दोन्ही यामुळे कळतं.

आता बार्बरा कॉपल यांची १९७६ सालची 'हार्लन काउंटी, यूएसए' ही फिल्म पाहा. केंटकीतल्या ब्रुकसाइड कोळसाखाणीचा १९७३-७४चा संप हा तिचा विषय. तिला ऑस्कर मिळालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण खाणीत काम करणारे पुरुष असूनही ही फिल्म बायकांची कशी झाली, हे जास्त पाहण्यासारखं आहे. कोर्टाने फाटकावर किती संपकरी उभे राहू शकतात यावर मर्यादा घातली. मग खाणकामगारांच्या बायका, आया, बहिणी पहाटे रस्त्यावर उतरल्या. कॅमेरा त्यांच्या बैठकीत बसला. तिथे त्या कोण कधी येणार ते ठरवतात, आणि एकमेकींशी कडाकडा भांडतातही. कॉपल यांनी ते भांडण कापून टाकलं नाही. फिल्मला निवेदकाचा आवाजही नाही, त्यामुळे त्या बायकांच्या वाक्यांवर कुणी शहाणा माणूस अर्थाचं पांघरूण घालत नाही. त्या चुकतात, चिडतात, पुन्हा एकत्र येतात. इतकं माणूसपण पडद्यावर सहसा फक्त नेत्याच्या वाट्याला येतं.

हे आपोआप का होत नाही

फिल्म करणारे मुद्दाम कुणाला वगळतात असं क्वचितच घडतं. वगळणं कामाच्या पद्धतीतूनच होतं, आणि हा भाग नीट समजला पाहिजे.

समजा, तीन-चार जणांचं पथक संप चित्रित करायला आलं. पहिल्यांदा ते कुठे जाणार? गेटसभेला. तिथे दिसणार ती सभेला येऊ शकणारी माणसं. जिला मुलं शाळेतून घेऊन स्वयंपाकाला लागायचंय ती संध्याकाळच्या सभेत नसते. दुसऱ्या ठिकाणी रोजावर जाऊन घर चालवणाराही नसतो. मग मुलाखत कोणाची? जो कॅमेऱ्यासमोर न अडखळता, मुद्देसूद आणि फिल्मवाल्यांच्या भाषेत बोलतो त्याची. म्हणजे आधीच बोलायची सवय असलेल्याची. जिची भाषा वेगळी, तिच्यासाठी दुभाष्या लागतो, वेळ दुप्पट लागतो. तेवढी सोय नसते, म्हणून तिचा मुलगा किंवा संघटनेचा कार्यकर्ताच भाषांतर करतो. आईचं पाच वाक्यांचं गाऱ्हाणं मुलाच्या तोंडून एका वाक्यात उतरतं, आणि संघटनेबद्दलची तक्रार असेल तर कार्यकर्त्याच्या तोंडून ती उतरतही नाही. पुढे एडिटिंगच्या टेबलावर अडखळलेलं बोलणं कापलं जातं, स्वच्छ बोलणं राहतं. शेवटी नावपट्टी येते: नेत्याच्या खाली नाव आणि पद, बाईच्या खाली 'कामगाराची पत्नी' किंवा नुसतं 'संपकरी'. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. तरी निकाल तोच लागला.

यावर उपायही पद्धतीतच आहे: गेट सोडून घरांकडे जाणं, रात्रपाळीच्या माणसाला त्याच्या वेळेला भेटणं, दुभाष्या बाहेरचा आणणं, आणि कॅमेरा काढण्याआधी कित्येक दिवस नुसतं बसून राहणं. कॉपल खाणकामगारांच्या वस्तीत राहिल्या. त्या न्यूयॉर्कहून आलेल्या, म्हणजे त्या जगाला पूर्ण परक्या. आपल्यातलाच माणूस कॅमेऱ्यामागे असावा, ही मागणी मला पटते. कोणाला पैसा आणि संधी मिळते हा न्यायाचा प्रश्न आहे. पण परक्या माणसाला चांगली फिल्म करताच येत नाही, हे मला पटत नाही. परकेपणाची भरपाई वेळाने आणि विनम्रतेने होते. ते दोन्ही नसतील तर आतला माणूससुद्धा फक्त आपल्या गटाचीच फिल्म करतो.

कॅमेरा कुठे उभा आहे, याने तर जगणं-मरणं बदलू शकतं. १६ ऑगस्ट २०१२ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या मारिकाना इथे प्लॅटिनम खाणीच्या संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ३४ जण मारले गेले. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे पोलिसांच्या रांगेच्या बाजूला होते. त्यामुळे जगाने आधी जे पाहिलं त्यात कामगार कॅमेऱ्याच्या, म्हणजे पोलिसांच्या, अंगावर धावून येताना दिसत होते. पहिला समज तसाच झाला. मृतांपैकी निम्मे, १७ जण, थोड्या वेळाने जवळच्या खडकाळ टेकडीपाशी मारले गेले आणि तिथे वृत्तवाहिन्यांचा एकही कॅमेरा नव्हता. रिहाद देसाई यांच्या २०१४ सालच्या 'मायनर्स शॉट डाउन' या माहितीपटाने पोलिसांचं स्वतःचं चित्रणही मिळवून, आधीच्या दिवसांपासूनची घटनांची साखळी लावून, तो समज खोडून काढला. प्रतिनिधित्वाची चर्चा अनेकांना नाजूक, सांस्कृतिक वगैरे वाटते. मारिकानात प्रश्न होता तो खून झाला की स्वसंरक्षण, याचा.

तरीही एका फिल्ममध्ये सगळं मावत नाही. 'मायनर्स शॉट डाउन' मुख्यतः खाणीतल्या पुरुषांची आणि त्या आठवड्याची गोष्ट आहे. तिथल्या वस्तीतल्या बायकांचं काय झालं, गोळीबारानंतर त्यांनी काय उभं केलं, हे २०१७ साली अलिकी सारागास यांच्या 'स्ट्राइक अ रॉक' या माहितीपटात आलं. प्रिमरोज सोंटी आणि थुमेका माग्वांग्वाना या दोघी त्याच्या केंद्रस्थानी आहेत. खाण कंपनीने कबूल केलेली घरं, पाणी, रस्ते कुठे आहेत, हा त्यांचा प्रश्न. पुरुषांचा संप मजुरीचा होता आणि बायकांचा लढा राहण्या-जगण्याचा, असं वरवर वाटतं. खरं तर ती एकाच पगाराची दोन टोकं आहेत. हे दोन माहितीपट मी नेहमी जोडीने पाहायला सांगते.

मतांची विविधता

एक विविधता आहे जी या चर्चेत फार कमी येते. एकाच वंशाचे, एकाच गावचे, एकाच खात्यातले दोन कामगार, पण एकाला संप चालू ठेवायचाय आणि दुसऱ्याला मिटवायचाय.

कॉपल यांनीच पुढे 'अमेरिकन ड्रीम' केला. मिनेसोटातल्या ऑस्टिन गावी हॉर्मेल या मांस कंपनीत १९८५ साली सुरू झालेल्या संपावरचा हा माहितीपट. कंपनीने ताशी १० डॉलर ६९ सेंटचा पगार ८ डॉलर २५ सेंटवर आणायचा घाट घातला होता. स्थानिक संघटना लढायला निघाली. तिच्या वरची राष्ट्रीय संघटना म्हणत होती, ही लढाई जिंकता येणार नाही, तडजोड करा. कामगारांमध्येच फूट पडली. काही जण पुन्हा कामावर गेले. फिल्म स्थानिक नेत्यांना ऐकते, राष्ट्रीय संघटनेच्या वाटाघाटी करणाऱ्याला ऐकते आणि ज्यांच्याने पुढे रेटवलं नाही त्यांनाही ऐकते. संपाच्या बाजूच्या अनेकांना ते आवडलं नाही. राष्ट्रीय संघटनेला जास्त झुकतं माप दिलं, अशी टीका झाली.

टीकेत तथ्य असेलही. पण कामावर परत जाणारा माणूस गाडीत बसून रडवेला होतो, हे दाखवण्याचं धैर्य मला मोलाचं वाटतं. 'कामगार म्हणतात' असं वाक्य ज्या फिल्ममध्ये वारंवार येतं तिच्यापासून मी सावध राहते. कोणते कामगार? किती? सभेत हात वर केलेले की घरी बसलेले?

मोठ्या नावांचंही असंच. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १२ फेब्रुवारी १९६८ रोजी सुमारे १,३०० कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले. काही दिवस आधी, १ फेब्रुवारीला, पावसात आडोशाला बसलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार कचरागाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले होते. मार्टिन लूथर किंग त्या संपाच्या पाठिंब्याला आले आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला समझोता झाला. या संपाची गोष्ट सांगताना सगळा प्रकाश किंग यांच्यावर जाणं स्वाभाविक आहे, पण मग कोल आणि वॉकर ही नावं प्रस्तावनेतच संपतात. संपकऱ्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर लिहिलं होतं, 'आय ॲम अ मॅन'. मराठीत ते 'मी माणूस आहे' असं करावंसं वाटतं, आणि ते बरोबरच आहे, कारण वयस्क कृष्णवर्णीय माणसाला 'पोऱ्या' म्हणून हाक मारणाऱ्या व्यवस्थेला दिलेलं ते उत्तर होतं. पण मूळ शब्दात 'पुरुष' हा अर्थही बसलेला आहे. त्या पाटीमागे घर ओढणाऱ्या, मोर्चात चालणाऱ्या बायकांना ती पाटी पुरती लागू पडत नव्हती. चांगला भाषांतरकार या शब्दापाशी थबकेल. चांगला दिग्दर्शकही थबकावा.

ज्यांची गोष्ट त्यांना आधी दाखवणं

माहितीपट नसलेलं एक उदाहरण इथे देते, कारण पद्धत म्हणून ते शिकण्यासारखं आहे. 'सॉल्ट ऑफ द अर्थ' हा १९५४ सालचा कथापट न्यू मेक्सिकोतल्या एम्पायर झिंक कंपनीच्या १९५०-५२च्या संपावर बेतलेला. तो करणारे लोक साम्यवादी असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलेले, म्हणजे काम नाकारलेले. संपकऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष हुआन चाकोन यांनीच नायकाची भूमिका केली, इतर भूमिकांतही प्रत्यक्ष संपात असलेले मेक्सिकन-अमेरिकन खाणकामगार आणि त्यांच्या घरची माणसं होती. महत्त्वाचं हे की पटकथा त्यांना आधी वाचून दाखवली गेली, आणि त्यांनी आक्षेप घेतले. नायकाचं बाहेरख्यालीपण, त्याचं दारूवर पैसे उडवणं अशा प्रसंगांवर त्यांचं म्हणणं होतं की मेक्सिकन पुरुषांबद्दल लोक जे समजून बसलेत तेच हे पुन्हा सांगतंय. ते प्रसंग काढले गेले.

इथे कुणी म्हणेल, मग तर फिल्म त्या लोकांची जाहिरात होईल. धोका आहे. दारू पिणारा संपकरी असूच शकत नाही का? असतो. पण त्याच समाजाने त्याच कथेत, कोर्टाच्या मनाईमुळे पुरुष मागे हटले आणि बायका फाटकावर उभ्या राहिल्या तेव्हा नवऱ्यांचा अहंकार कसा दुखावला, घरात भांडणं कशी झाली, नळाच्या गरम पाण्याच्या बायकांच्या मागणीला पुरुष कसे दुय्यम समजत होते, हे सगळं ठेवू दिलं. म्हणजे आपल्या उणिवा लपवा असं ते म्हणत नव्हते. आपल्यावर लादलेलं चित्र आणि आपण स्वतः ओळखत असलेला दोष यांत ते फरक करत होते. बाहेरून आलेल्या लेखकाला हा फरक एकट्याने कळणं फार कठीण. त्यासाठी समोर बसून ऐकावंच लागतं.

आणि कधी कधी चेहरा न दाखवणं हाच आदर असतो. ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत, ज्याला उद्या याच धंद्यात दुसरीकडे काम शोधायचंय, त्याच्यासाठी फिल्ममधला क्लोजअप म्हणजे कायमचा पुरावा. संपाच्या ऐन भरात 'हो, घ्या माझं चित्र' म्हणणारा माणूस संप हरल्यावर तेच म्हणेल असं नाही. म्हणून संमती एकदाच घेऊन भागत नाही, फिल्म पूर्ण झाल्यावरही विचारावं लागतं. अशा माणसांचा नुसता आवाज किंवा हात दाखवणारी फिल्म मोजणीत कमी भरेल. माझ्या वहीत तिला पूर्ण जागा आहे.

उशीर झाला की मात्र काहीच हातात राहत नाही. १९३६-३७च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात जनरल मोटर्सचे कामगार ४४ दिवस कारखान्याच्या आत ठाण मांडून बसले. बाहेर बायकांनी 'आपत्कालीन पथक' उभारलं. ते उभारणाऱ्या जेनोरा जॉन्सन तेव्हा २३ वर्षांच्या होत्या. आत अश्रुधुराने गुदमरणाऱ्या कामगारांना हवा मिळावी म्हणून या बायकांनी कारखान्याच्या खिडक्या फोडल्या. या पथकावर लोरेन ग्रे यांचा माहितीपट १९७०च्या दशकाच्या अखेरीस आला, म्हणजे चाळीस वर्षांनी. सुदैवाने जेनोरा आणि त्यांच्या काही सहकारी तोवर हयात होत्या आणि स्वतःच्या तोंडाने सांगू शकल्या. डेलानोच्या इटलियाँग यांना ते भाग्य लाभलं नाही. त्यांचा मृत्यू १९७७ मध्ये झाला, त्यांचे सहकारी फिलिप वेरा क्रूझ १९९४ मध्ये गेले. 'डेलानो मनाँग्स' आला २०१४ मध्ये.